पदावर आलेल्या बाईला जोखताना वहीत काय लिहावं

२०२२ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातले न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर निवृत्त होणार अशी बातमी आली. दोनच दिवसांत आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य फिरायला लागलं: ‘आपल्या श्रीनिवासनला डावललं बघा.’ श्री श्रीनिवासन हे चंडीगडला जन्मलेले, वॉशिंग्टनमधल्या अपील कोर्टाचे तेव्हाचे मुख्य न्यायाधीश. एका कायदेतज्ज्ञानं ट्विटरवर लिहिलं होतं की वस्तुनिष्ठपणे पाहिलं तर तेच सर्वांत योग्य. पण बायडन यांनी कृष्णवर्णीय स्त्रीला नेमायचं वचन दिलंय, म्हणून आता ‘कमी दर्जाची कृष्णवर्णीय बाई’ मिळणार. पुढे त्यांनी ते ट्वीट काढून टाकलं, शब्दांबद्दल माफीही मागितली. पण त्या दिवशी कोणाचं नावसुद्धा जाहीर झालेलं नव्हतं. बाई कोण हे ठरायच्या आधीच तिचा दर्जा ठरला होता.

खरं सांगते, ते वाचून क्षणभर मलाही बरं वाटलं. आपला माणूस सर्वांत योग्य! आपल्या माणसाच्या कौतुकाची काठी करून दुसऱ्या कोणाला तरी हाणलं जातंय, हे ध्यानात यायला मला एक रात्र लागली. सकाळी उठून मी ग्रुपवर एक लांब मेसेज लिहिला. कोणाशी भांडण्यासाठी नाही. एखाद्या बाईला जोखायचं असेल तर कसं जोखावं, याची माझी रीत सांगण्यासाठी. ती रीत मी एका चुकीतून शिकले. म्हणून आधी चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या सगळ्या सरकारी शाळांचा कारभार पाहणारा सुपरिंटेंडंट निवडायचा होता. अंतिम निर्णय स्कूल बोर्डाचा, पण मुलाखतींना पाच नागरिकांना बसवलं होतं. मी लायब्ररीत सव्वीस वर्षं काढलेली, त्यामुळे माझं नाव आलं. मी मराठीत टिपणं घेत होते. बजेट कमी पडलं तर काय कापाल, असा प्रश्न होता. एक गोरे गृहस्थ म्हणाले, आधी मुख्य कार्यालयातल्या जागा कापीन, वर्गातल्या शिक्षकांना हात लावणार नाही, आणि यावरून काही लोक माझ्यावर नाराज होतील. मी लिहिलं: ‘स्पष्टवक्ता. निर्णय घेऊ शकतो.’ तासाभरानं एक कृष्णवर्णीय बाई आल्या. त्यांनी जवळजवळ तेच उत्तर दिलं, तितक्याच ठामपणे. मी लिहिलं: ‘जरा जास्तच आक्रमक. लोकांशी जमेल का?’ दोन्ही नोंदी समोरासमोरच्या पानांवर होत्या. मला त्या तीन आठवड्यांनी दिसल्या, आमचा अभिप्राय बोर्डाकडे जाऊन बाईंचं नाव गळल्यानंतर. मी एकटीनं त्यांना पाडलं असं नाही. पण पाचांतलं एक मत माझं होतं, आणि ते त्या एका शब्दावर उभं होतं.

तेव्हापासून मी वहीचं पान मधोमध रेघ मारून दोन भागांत वाटते. तुम्हीही वाटा. डावीकडे ती बाई काय बोलली, तिनं काय केलं, कशावर सही केली, कशाला नकार दिला. उजवीकडे मला काय वाटलं. विशेषण सुचलं की ते उजवीकडेच जातं, आणि डावीकडे त्याच्या आधाराचं वाक्य सापडेपर्यंत त्याला गुण द्यायचे नाहीत. पहिल्या दिवशी उजवी बाजू भरून वाहते आणि डावी रिकामी राहते. तशीच राहू द्या. आपण किती ऐकलं आणि किती मनानंच ठरवलं, ते त्या रिकाम्या जागेवरून कळतं.

आपल्या भाषेत तर यासाठी शब्दांचा स्वतंत्र डबाच आहे. माझी आत्या वाईला मुख्याध्यापिका होती. तिच्या आधीचे सर पोरांना उन्हात उभं करायचे. त्यांना गाव ‘कडक शिस्तीचे’ म्हणायचं. आत्या उशिरा येणाऱ्या शिक्षकांच्या मस्टरवर लाल रेघ मारायची, ती ‘खाष्ट’. पुरुष करारी, बाई कजाग. तो हजरजबाबी, ती तोंडाळ. तो महत्त्वाकांक्षी, ती आगाऊ. त्याला पोच नसेल तर ‘मनानं सरळ आहे हो’, तिला नसेल तर ‘माहेरी काही शिकवलं नाही’. हे शब्द इतके जवळचे आहेत की ते वहीत उतरताना हात अडखळत नाही. इंग्रजीतही वेगळं काही नाही. २०१४ मध्ये किरन स्नायडर या भाषातज्ज्ञ बाईंनी तंत्रज्ञान कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या कामाचे २४८ लेखी आढावे तपासले. पुरुषांच्या ८३ टीकात्मक आढाव्यांपैकी २ मध्ये स्वभावाला बोल लावला होता. स्त्रियांच्या ९४ पैकी ७१ मध्ये.

वंश त्यात मिसळला की बोल बदलतो, आणि हे वेगळं शिकून घ्यावं लागतं. कृष्णवर्णीय बाई ठाम बोलली तर ती ‘रागावलेली’ वाटते. लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, बाई भराभर बोलली तर ‘चटकन भडकणारी’. आपल्यासारख्या भारतीय बायकांच्या वाट्याला बहुतेक उलटं येतं: गुणी, कष्टाळू, हळू आवाजाची, पण पुढारपण करायला नको. माझ्या स्वतःच्या वार्षिक आढाव्यांत ‘मृदुभाषी’ हा शब्द वर्षानुवर्षं होता. तो कौतुकाचा समजून मी खूश होते. पण त्याच शब्दामुळे मला कधी विभागप्रमुख केलं गेलं नाही. तेव्हा समोरची बाई कोणत्या समाजातली आहे ते पाहा आणि त्या समाजातल्या बायकांबद्दल तुमच्या घरात, गावात, टीव्हीवर काय ऐकत आलात ते मुलाखतीआधीच एका ओळीत लिहून ठेवा. नंतर तोच शब्द तुमच्या टिपणात उगवला, तर तो त्या बाईकडून आलेला नाही हे तुम्हाला समजेल.

यानंतरचं काम मोजण्याचं. याचा सगळ्यात चांगला दाखला सोनिया सोटोमायोर यांचा आहे. ब्राँक्समधल्या पोर्तो रिकन घरातली मुलगी, नऊ वर्षांची असताना वडील गेले, प्रिन्स्टन, येल, मग मॅनहटनमध्ये सरकारी वकील, १९९२ पासून न्यायाधीश. २००९ च्या मे महिन्यात ओबामांनी त्यांना सुप्रीम कोर्टासाठी निवडलं. अशा नेमणुकीवर मत देणाऱ्या सिनेटपुढे जुलैमध्ये सुनावणी झाली. तिथे सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी वकिलांची निनावी मतं वाचून दाखवली: चिडखोर, आक्रमक, वकिलांवर तुटून पडते, थोडी दांडगाईच करते. आणि सुचवलं की ही सुनावणी म्हणजे आत्मपरीक्षणाची संधी समजा. सोटोमायोर म्हणाल्या, हो, मी कठीण प्रश्न विचारते.

आता ही तक्रार खरी की खोटी, ते कसं ठरवणार? त्यांच्याच अपील कोर्टातल्या एका न्यायाधीशांनी ते आधीच करून पाहिलं होतं. गुइडो कॅलाब्रेसी हे येलमध्ये सोटोमायोर यांचे प्राध्यापक होते. सोटोमायोर त्या कोर्टात आल्यावर अशा कुरबुरी कॅलाब्रेसींच्या कानांवर आल्या. त्यांनी काय केलं, तर सोटोमायोर यांच्या प्रश्नांची नोंद ठेवायला सुरुवात केली: आशय काय, सूर कसा. शेजारी पुरुष न्यायाधीशांच्या आणि स्वतःच्या प्रश्नांची नोंद. त्यांना काहीही फरक आढळला नाही. काही पुरुष वकिलांना एका बाईनं कडक प्रश्न विचारलेले सोसत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो जाहीरपणे सांगितला. त्याच काळात सुप्रीम कोर्टातले न्यायमूर्ती स्कॅलिया यांच्या वकिलांना घाम फोडणाऱ्या प्रश्नांच्या गोष्टी लोक कौतुकानं सांगत होते.

ही युक्ती तुमच्या सोसायटीच्या सभेतही चालते. ‘अध्यक्षबाई कोणाला बोलू देत नाहीत’ अशी कुजबुज असेल तर पुढच्या सभेत घड्याळ घेऊन बसा. कोण किती मिनिटं बोललं, कोणी कोणाला किती वेळा तोडलं, एवढंच टिपा. आधीच्या अध्यक्षांच्या सभेचं इतिवृत्त काढून शेजारी ठेवा. बाई खरंच लोकांना तोडत असतील तर तेही कळेल, आणि मग तुमच्या हातात तक्रार असेल, कुजबुज नाही. ग्रॅहम यांचंही पूर्ण सांगायला हवं. त्यांनी शेवटी सोटोमायोर यांच्या बाजूनं मत दिलं. ६८ विरुद्ध ३१ मतांनी त्यांची नेमणूक झाली. पण ती निनावी मतं मात्र सगळ्या देशानं ऐकली. म्हणून माझा एक नियम आहे: निनावी मत वहीत येऊ द्यायचं, पण त्याला गुण शून्य. सांगणाऱ्याचं नाव, प्रसंग आणि तारीख नसेल तर ते डाव्या बाजूला जात नाही.

नाव बदलून वाचणं हा आणखी एक उपाय, पण तो प्रामाणिकपणे करायला हवा. सोटोमायोर यांनी २००१ मध्ये बर्कलीला एका व्याख्यानात म्हटलं होतं की तसं आयुष्य न जगलेल्या गोऱ्या पुरुषापेक्षा अनुभवानं समृद्ध अशी शहाणी लॅटिना बाई बहुतेक वेळा अधिक चांगल्या निष्कर्षाला येईल, अशी मला आशा आहे. या वाक्यावरून त्यांना पक्षपाती ठरवण्यात आलं. आता २००६ च्या जानेवारीतली, सुप्रीम कोर्टासाठीच नाव आलेल्या सॅम्युअल अलिटो यांची सुनावणी घ्या. ते म्हणाले होते, भेदभावाचा खटला समोर आला की माझ्याच घरातल्या ज्यांना वंशामुळे, धर्मामुळे, स्त्री असल्यामुळे भेदभाव सोसावा लागला त्यांची आठवण होते आणि ती मी लक्षात घेतो. यावरून वादळ उठलं नाही. इटालियन स्थलांतरिताचा मुलगा हळवा झाला, एवढंच. दोन्ही वाक्यं शेजारी लिहा. ती अगदी सारखी नाहीत. अलिटो ‘लक्षात घेतो’ म्हणाले, सोटोमायोर ‘अधिक चांगला निष्कर्ष’ म्हणाल्या, आणि तेवढ्या भागावर प्रश्न विचारणं रास्त होतं. ते वाक्य फसलं, असं त्या स्वतःच सुनावणीत म्हणाल्या. पण स्वतःचं आयुष्य न्यायासनावर सोबत येतं, ही गोष्ट दोघांनीही सांगितली. एकाच्या बाबतीत ती माणुसकी आणि दुसरीच्या बाबतीत दोष ठरली. नाव बदलून वाचताना सारखं किती आणि वेगळं किती, दोन्ही लिहा. नुसतं ‘पुरुषाला असं म्हणाला असतात का?’ असं विचारून थांबू नका.

‘ती तटस्थ राहील का’ हा प्रश्न तर फक्त काहींनाच विचारला जातो. कॉन्स्टन्स बेकर मॉटली १९६६ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टातल्या, न्यायाधीश झाल्या. १९७५ मध्ये त्यांच्यासमोर एका बड्या लॉ फर्मविरुद्धचा स्त्री-पुरुष भेदभावाचा खटला आला. फर्मच्या बाजूनं मागणी झाली की बाईंनी बाजूला व्हावं. त्या स्त्री आहेत, कृष्णवर्णीय आहेत. मॉटली यांनी नकार दिला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की पार्श्वभूमी, लिंग किंवा वंश एवढंच कारण पुरेसं मानलं, तर या कोर्टातला एकही न्यायाधीश हा खटला चालवू शकणार नाही. लिंग आणि वंश गोऱ्या पुरुषालाही असतातच. मी हे वाक्य वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवलंय.

आता ‘कोट्यातून आली’ या वाक्याकडे येते, कारण आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त तेच आलं. त्याला उत्तर देताना आवाज चढवू नका, तीन गोष्टी समोर ठेवा. पहिली: सुप्रीम कोर्टावर बाई नेमीन असं रेगन यांनी १९८० च्या प्रचारात सांगितलं आणि १९८१ मध्ये सँड्रा डे ओकॉनर आल्या, ९९ विरुद्ध ० मतांनी. ट्रम्प यांनीही २०२० च्या सप्टेंबरमध्ये बाईच नेमणार असं आधी जाहीर केलं, मग एमी कोनी बॅरेट आल्या. दुसरी: तोपर्यंतच्या ११५ न्यायमूर्तींपैकी १०८ गोरे पुरुष होते. त्या १०८ जणांच्या वेळी निम्म्याहून जास्त देश यादीबाहेर होता. त्याला कोणी कोटा म्हटलं नाही. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची: नाव कळल्यावर तिची नोंद वाचा.

नाव होतं केटांजी ब्राऊन जॅक्सन. हार्वर्डची पदवी, तिथूनच कायदा, ब्रायर यांच्याच हाताखाली क्लार्क म्हणजे कायद्याच्या कामातली सहायक, परवडत नसलेल्यांसाठी सरकारनं दिलेली बचावाची वकील, शिक्षांचे निकष ठरवणाऱ्या फेडरल आयोगाच्या उपाध्यक्ष, २०१३ पासून जिल्हा न्यायाधीश, २०२१ पासून अपील कोर्टात. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेनं एकमतानं सर्वांत वरचा शेरा दिला. एवढी नोंद समोर असताना एका मोठ्या वाहिनीवरच्या निवेदकानं त्यांचे लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेतले गुण मागितले. जवळजवळ तीस वर्षांपूर्वीचे! आठ वर्षांचे निकाल वाचायला उपलब्ध असताना! ग्रुपवर एका काकांनीही तेच विचारलं, तेव्हा मी त्यांना इतकंच लिहिलं: ‘काका, तुम्ही गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलंत तेव्हा डॉक्टरांचे बारावीचे मार्क पाहिले होते का, की किती ऑपरेशनं केलीत ते विचारलं होतं?’ काकांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. चांगले बोलले.

नोंद न वाचताच दर्जा ठरवण्याचा हा रोग भारतातही आहे. २०२२ मध्येच द्रौपदी मुर्मू यांचं नाव राष्ट्रपतिपदासाठी आलं तेव्हा माझ्या ओळखीतली स्वतःला पुरोगामी म्हणवणारी माणसंही ‘रबर स्टॅम्प’ म्हणून मोकळी झाली. त्यांतल्या एकानंही त्यांची झारखंडच्या राज्यपालपदाची कारकीर्द उघडून पाहिली नव्हती. २०१७ मध्ये छोटा नागपूर आणि संथाल परगण्यातल्या आदिवासींच्या जमिनींच्या कायद्यांत बदल करणारी विधेयकं, त्यांच्याच पक्षाच्या सरकारनं मंजूर केलेली, त्यांनी सही न करता परत पाठवली होती. त्यांच्या राजकारणाशी तुमचं जमो न जमो, ही नोंद डाव्या बाजूला लिहावीच लागते. आणि संख्या आठवा: आपल्या सुप्रीम कोर्टात २०२१ च्या ऑगस्टअखेर एकाच दिवशी तिघींनी शपथ घेतली, तेव्हा कुठे १९५० पासूनच्या एकूण स्त्री न्यायमूर्ती ११ झाल्या. मुंबई हायकोर्टाला पहिल्या स्त्री न्यायाधीश, सुजाता मनोहर, १९७८ मध्ये मिळाल्या.

नावावरूनच माणूस खाली जातो, हे मराठी वाचकाला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या संशोधकांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी कंपन्यांना पाठवून पाहिले. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दलित नावाला पुढच्या टप्प्यावर बोलावलं जाण्याची शक्यता सवर्ण नावाच्या सुमारे दोन तृतीयांश होती. म्हणून समितीत असाल तर पहिल्या फेरीत अर्जांवरची नावं, फोटो, पत्ते झाकून घ्या. लायब्ररीत आम्ही हे साध्या पांढऱ्या चिकटपट्टीनं केलंय.

समितीसाठी आणखी थोडं. निकष अर्ज उघडण्याआधी ठरवा आणि त्यांचं वजनही. तसं केलं नाही तर आवडत्या उमेदवाराकडे अनुभव असेल तेव्हा अनुभव महत्त्वाचा ठरतो, आणि पदवी असेल तेव्हा पदवी. सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारा. गुण एकमेकांशी बोलण्याआधी लिहा. ‘घर आणि मुलं कशी सांभाळाल’ हा प्रश्न कोणालाच विचारू नका.

आणि टीका? टीका करायची. जॅक्सन यांच्यावर एक आरोप नोंदीवरून झाला होता: बाल-अश्लील सामग्री बाळगणाऱ्यांना त्यांनी सौम्य शिक्षा दिल्या. हा आरोप स्वभावावर नव्हता, निकालांवर होता, त्यामुळे तो डाव्या बाजूचा. मग तिथल्याच रीतीनं तपासा: बाकीचे न्यायाधीश काय करतात? फेडरल आयोगाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे अशी सामग्री फक्त बाळगणाऱ्या-पाठवणाऱ्यांच्या खटल्यांत ठरलेल्या चौकटीतली शिक्षा एक तृतीयांशाहून कमी जणांना झाली होती. बहुतेकांना त्याहून कमी. म्हणजे त्या एकट्याच सौम्य नव्हत्या. चौकटच चुकीची की न्यायाधीश सौम्य, यावर वाद घाला, पण मग तो सगळ्यांवर घाला. बॅरेट यांची न्यायदृष्टी मला पटत नाही. तरी त्यांच्या सात मुलांवरून आणि चर्चवरून जे बोललं गेलं ते मी उजव्या बाजूला टाकलं, आणि मतभेद त्यांच्या निकालांवर ठेवला. न पटणाऱ्या बाईसाठी ही वही सांभाळणं जास्त जड जातं.

काही वर्षांनी मला पुन्हा एका निवडीला बोलावलं. या वेळी पाचही जणांना रेघ मारलेली पानं वाटायला मी लावली. एक दक्षिण अमेरिकन बाई होत्या. एक सदस्य म्हणाले, यांच्यात वजन नाही. अध्यक्षांनी विचारलं, कोणत्या उत्तरात? त्यांनी पानं चाळली आणि सांगितलं, चौथ्या. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या बसबद्दल विचारलं तर त्यांनी बोलणं भलतीकडे नेलं. आम्ही सगळ्यांनी आपापली डावी बाजू पाहिली. ते बरोबर होते. ‘वजन नाही’ खोडलं, ‘बसचं उत्तर दिलं नाही’ लिहिलं, आणि दुसऱ्या फेरीत तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्या आकडे घेऊन आल्या होत्या. बोर्डानं त्यांना नेमलं. पहिल्याच हिवाळ्यात दोन मार्गांवरच्या बस सलग उशिरा आल्या, तेव्हा मी त्यांना तक्रारीचं पत्र लिहिलं. त्यात तीन तारखा होत्या, दोन मार्गांचे नंबर होते आणि एक मागणी होती. नऊ दिवसांनी उत्तर आलं.